कापलेल्या लाइनवरचा फोन

१

गल्लीतल्या तांब्याच्या तारा काढून टाकणार, असं टेलिफोन कंपनीनं जाहीर केलं तेव्हा कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. घराघरातले जुने फोन केव्हाच माळ्यावर जाऊन पडले होते. धक्का बसला तो एकट्या थोरलीला. थोरली म्हणजे गल्लीतल्या एका घरातली मोठी लेक. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्यापुढं भल्याभल्यांचं काही चालायचं नाही.

घरात ती आणि तिचे वडील, अण्णा. झटका येऊन गेल्यापासून अण्णांची उजवी बाजू लुळी पडली होती आणि वाचा पार गेली होती. डावा हात तेवढा शाबूत. त्या हाताला जुना फोन पाठ होता. मोबाइल दिला की ओल्या साबणासारखा निसटून गादीच्या फटीत जायचा, पण उशाशी ठेवलेल्या त्या जडशीळ फोनचा रिसीव्हर अण्णा बरोबर उचलायचे, कानाला लावायचे. थोरली दुकानातून फोन करायची आणि पलीकडून नुसता श्वास ऐकायची. त्या श्वासावरून तिला सगळं कळायचं. पाणी हवंय, कंटाळा आलाय, की नुसतं बरं वाटतंय. लोकांना वाटायचं हिच्या मनाचे खेळ. वाटो बापडं.

"ताई, अगं कुठल्या जमान्यात आहेस?" धाकटा भाऊ लांबच्या गावाहून म्हणाला. "सरळ कॅमेरा लाव ना खोलीत. मोबाइलवर बघत बस दिवसभर."

"मला बघायचं नाहीये. त्यांना मला हाक मारता आली पाहिजे."

"हाक? ताई, अण्णा बोलत नाहीत."

"तुझ्याशी बोलत नाहीत," थोरली म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तिनं माहिती काढली. घरातल्या इंटरनेटवरच छोटी फोनव्यवस्था उभी करता येते; एक जुना कॉम्प्युटर त्यासाठी पुरतो, आणि तो जिन्याखाली धूळ खात पडलेला होताच. अडचण एकच होती. जुन्या फोनला इंटरनेटची भाषा कळत नाही. मध्ये दुभाष्या लागतो, मुठीएवढा एक डबा. हे डबेही दोन जातीचे. एकाला आपला फोन जोडायचा; तो फोनला वीज देतो, घंटी वाजवतो. दुसऱ्याला बाहेरून आलेली लाइन जोडायची. तो लाइनवर काय येतंय ते ऐकतो आणि घरात पोचवतो. दोन्हीचं तोंड दिसायला अगदी सारखं, त्यामुळं निम्मे लोक चुकीचा घेऊन येतात आणि मग कपाळाला हात लावतात. थोरलीला हवा होता पहिल्या जातीचा. नवा झेपत नव्हता, म्हणून ती जुन्या बाजारातल्या रेडिओवाल्या काकांकडं गेली.

काकांनी खोक्यात हात घालून एक काळपट डबा काढला. "हा घे. यात दोन्ही आहे. हे फोनचं तोंड, हे लाइनचं. दोन तोंडाचा म्हणून कुणी घेत नाही, म्हणून स्वस्तात देतो."

"पण आमची लाइनच कापली ना काका. मला एकच तोंड हवंय."

"मग दुसरं राहू दे रिकामं. ते काय तुला खायला मागतंय?"

थोरली हसली आणि डबा घेऊन आली.

२

जोडणीत पुरता रविवार गेला. पण संध्याकाळपर्यंत फोन वाजला, आणि नुसता वाजला नाही, तर थोरलीनं त्याला असं शिकवलं की अण्णांनी रिसीव्हर उचलला की काही न फिरवता थेट तिच्या मोबाइलची घंटी वाजावी. अण्णांनी उचलला. स्वयंपाकघरात तिचा मोबाइल वाजला. तिनं कानाला लावला तर श्वास, आणि त्या श्वासात चक्क मिश्किलपणा. "काय हो, खूश का?" तिनं विचारलं आणि ओट्याला टेकून पोटभर रडून घेतलं.

सगळं झाल्यावर तिला तो डबा खुपायला लागला. लाइनचं तोंड उघडं होतं. चष्म्याच्या कामात जन्म गेलेल्या बाईला उघडं काही बघवत नाही. उघडं राहिलं की धूळ बसते आणि धूळ बसली की काच गेली. भिंतीतून जुन्या लाइनची वायर तशीच लोंबत होती, टोकाला तिचा चिमटीएवढा प्लग. तोही धूळ खात होता. थोरलीनं तो प्लग उचलला, फुंकर मारून साफ केला आणि डब्याच्या रिकाम्या तोंडात बसवून टाकला. खट्‌ आवाज झाला. दोन्ही कामं झाली. तिला बरं वाटलं.

डब्यावर दोन दिवे होते. फोनचा हिरवा लागलेला, लाइनचा विझलेला. असायलाच हवा होता.

पुढचे काही दिवस झकास गेले. दिवसा अण्णांजवळ बसायला एक मावशी यायच्या, विणकाम करत बसायच्या. अण्णा मध्येच रिसीव्हर उचलायचे, दुकानात थोरली गिऱ्हाइकाला "एक मिनिट हं" म्हणून कोपऱ्यात जायची, श्वास ऐकायची. मालकही काही म्हणायचा नाही.

मग एका सकाळी केर काढताना तिला दिसलं की लाइनचा दिवाही लागलाय.

हिरवा, स्वच्छ. तिनं डबा बंद करून पुन्हा चालू केला. आधी फोनचा दिवा लागला, मग थोडं थांबून, जणू विचार करून, लाइनचा. ती तशीच केरसुणी हातात घेऊन बाहेर गेली आणि भिंतीच्या कडेनं वायर कुठं जाते ते पाहत निघाली. वायर खिडकीखालून वळत होती, पन्हाळीमागून जात होती आणि गल्लीच्या कोपऱ्यावर, जिथं कंपनीच्या माणसांनी पकडीनं तोडली होती, तिथं संपत होती. तांब्याची दोन टोकं उन्हात चकाकत होती. पुढं खांबही नव्हता. त्याच्या जागी सिमेंटचा ताजा गोळा.

"ओल असणार," थोरली स्वतःशी मोठ्यानं म्हणाली. "नाहीतर शेजारच्या विजेची तार जवळून जात असणार." पटण्यासारखं होतं. घरी येईपर्यंत पटलंही.

३

त्याच आठवड्यात एकदा ती दुकानातून जरा लवकर आली होती. मावशींना तिनं घरी धाडलं होतं. थोरली भांडी लावत होती आणि अण्णांच्या खोलीत फोन वाजला. तिला वाटलं धाकटा असेल. घंटी थांबली. आणि मग तिनं ऐकलं:

"हो... बरा आहे. जेवण झालं. तू सांग."

थोरलीच्या हातातली ताटली ओट्यावर आपटली. अण्णांचा आवाज! तो खर्जातला, शब्दाच्या शेवटी किंचित हसणारा आवाज. तो पुन्हा ऐकायला मिळेल ही आशा तिनं कधीच सोडली होती. ती धावत सुटली. दारातच थबकली.

अण्णा रिसीव्हर कानाला लावून पडले होते. ओठ मिटलेले होते. आवाज रिसीव्हरमधून येत होता.

"ऐकतोयस ना?" रिसीव्हर म्हणाला. "मला तुझा श्वास ऐकू येतोय."

तिनं पुढं होऊन अण्णांच्या हातातून तो काढून घेतला. अण्णांनी सोडला, पण नाखुशीनं. तिनं कानाला लावला. पलीकडं एक खोली होती. खोली असल्याचं कळतंच माणसाला. वर पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला टिक्‌ करत होता. थोरलीनं मान वर केली. अण्णांच्या खोलीतला पंखाही असाच टिक्‌ करायचा, पण आत्ता तिनं तो बंद ठेवला होता.

"कोण बोलतंय?" ती म्हणाली.

पलीकडून हळूच रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला.

तिनं मोबाइलवर फोनव्यवस्थेचं पान उघडलं. आत्ताचा फोन इंटरनेटवरून आलेला नव्हता. तो लाइनच्या तोंडातून आला होता.

४

"काका, त्या डब्यात आधीच्या मालकाचं काही रेकॉर्डिंग राहतं का?"

रेडिओवाले काका खो-खो हसले. "अगं, त्याच्यात दोन शब्द साठवण्याइतकीसुद्धा जागा नाही. का, काय झालं?"

"काही नाही."

मावशींना विचारलं तर त्यांनी सुया थांबवल्यासुद्धा नाहीत. "दुपारी बोलतात की ते. छान बोलतात. मला वाटलं, तुझ्याशीच."

"तोंड हलतं का त्यांचं?"

"अगंबाई, तोंडाकडं कोण बघतंय? मी टाके मोजते." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "पण एक सांगू? हलके झालेत गं. आधी कूस बदलताना माझी कंबर धरायची. आता एका हातानं होतं."

थोरलीनं त्या दिवशी वायर काढायला हवी होती. तिला ते कळत होतं, उगाच खोटं कशाला बोला. पण खरं सांगायचं तर ती त्या आवाजासाठी आसुसली होती. बापाच्या तोंडून 'बाळ' ऐकून किती काळ लोटला होता! दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर फोन वाजला तेव्हा तिनंच उचलला, आणि पलीकडून आवाज आला, "बोल बाळ. दमलीस का?" मग तिला राहवलंच नाही. ती तिथंच फरशीवर बसली आणि दुकानातल्या गमती सांगत सुटली. पलीकडचा आवाज हसला, पोटातून हसला. पलंगावरचे अण्णा छताकडं बघत पडून होते.

असे काही दिवस गेले. ती रोज घाईघाईनं घरी यायची. येताना ठरवायची की आज फक्त दोन मिनिटं. दोन मिनिटांची संध्याकाळ व्हायची. आणि दुपारी दुकानात अण्णांचा फोन यायचा तेव्हा तो श्वास तिला पूर्वीसारखा उमगायचा नाही. पाणी हवंय की कंटाळा आलाय, काहीच कळायचं नाही. दाराच्या फटीतून वारा यावा, एवढाच उरला होता तो.

एकदा चादर बदलताना तिनं अण्णांना उशीला टेकवलं आणि तिचं लक्ष उशीकडं गेलं. डोकं ठेवलं होतं, पण उशीला खळगाच पडला नव्हता. तिनं हलकेच डोकं उचललं, परत ठेवलं. उशी फुगलेलीच राहिली. पलंगही करकरला नाही. अण्णा तिच्याकडं बघत होते. त्या डोळ्यांत भीती होती, आणि थोडा रागही होता.

"चुकले मी," थोरली म्हणाली. "उद्या सुट्टी आहे माझी. उद्या काढते ती वायर. तुमची शपथ."

उद्या का, आत्ता का नाही? कारण तिला त्या आवाजाला एकदा 'येते हं' म्हणायचं होतं. माणूस असाच वेडा असतो.

५

सुट्टीच्या दिवशी मावशी येत नसत. दुपारचं ऊन पलंगाच्या उशापर्यंत आलं होतं. थोरलीनं एक हात डब्यावर ठेवला आणि वाट बघत बसली. फोन वाजला.

"आज सुट्टी ना तुझी?" आवाज म्हणाला.

"हो. अण्णा, मला एक सांगायचंय..."

ती बोलायची थांबली, कारण पलीकडं दार वाजलं होतं. चपला फरपटत कुणीतरी खोलीत आलं. मग एक बाई बोलली, रिसीव्हरपासून जरा लांबून:

"अण्णा, सोडा तो फोन. द्या बघू इकडं."

थोरलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपला आवाज बाहेरून ऐकला की आधी ओळखू येत नाही. पण बोलण्याची पद्धत ओळखू येतेच. ते 'बघू' तिचं होतं.

पलीकडं रिसीव्हर या हातातून त्या हातात गेला. टिक्‌, टिक्‌, पंखा फिरत होता.

"तुझे अण्णा बोलत नाहीत," पलीकडची म्हणाली. विचारलं नाही तिनं, सांगितलं.

"नाही."

"माझे बोलतात. पण त्यांना उचललं तर हाताला काही लागतच नाही गं. कालपासून गादीसुद्धा दबत नाहीये."

थोरलीनं डोळे मिटले. डोक्यात शंभर कारणं उभी राहिली होती. लाइन कुठंतरी वळून परत घरातच येत असेल, आपलाच आवाज घुमत असेल, आपल्याला झोपेची गरज असेल. एकही कारण टिकलं नाही. टिकली ती एवढीच गोष्ट, की तिकडं एक लेक आहे आणि तिलाही बाप जगवायचाय.

"मी वायर काढतेय," थोरली म्हणाली.

"मीही."

"आत्ता?"

"आत्ताच. नाहीतर माझं मन बदलेल."

"माझंही बदलेल."

दोघींनी एकच उसासा टाकला. पलीकडून तो खर्जातला आवाज ओरडला, "अगं थांब, आधी मला विचार तरी!" आणि इकडं पलंगावर अण्णांचा डावा हात उठला, तिच्या मनगटाला लागला. लागला म्हणजे कोळिष्टक लागावं तसा. त्या स्पर्शानं थोरलीचा जीव कळवळला, आणि तिनं दात आवळून प्लग ओढला.

लाइनचा दिवा गेला.

पलंग करकरला. जोरात, एखाद्यानं अंग टाकावं तसा. उशी दबली, चादरीला सुरकुत्या पडल्या. "अण्णा!" म्हणत ती वळली. गालाला हात लावला, गरम होता. खांद्याखाली हात घालून उचलायला गेली तर उचलवेना. इतके जड! तिचा जीव भांड्यात पडला. ती हसत होती, रडत होती, देवाचे आभार मानत होती.

"झालं का?" अण्णा म्हणाले.

तोंड हलवून म्हणाले. तिच्या डोळ्यांदेखत.

ते खोलीभर नजर फिरवत होते. छताकडं, बंद पंख्याकडं, तिच्याकडं. मग त्यांनी उजवा हात उचलून डोळ्यांवरचं ऊन अडवलं.

"माझी लेक कुठं गेली?"

"मी... मीच आहे अण्णा."

ते तिच्याकडं नीट बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, समजूतदार, जुळवून घेणारं. "हो हो," ते म्हणाले. "तूच. तूच की."

६

डॉक्टर म्हणाले, असं हजारात एखाद्याचं होतं. धाकटा तातडीनं आला आणि अण्णांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मावशींनी विणलेला स्वेटर दिला. अण्णा चालायला लागले, पेपर वाचायला लागले, दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायला लागले. माणूस वाईट नव्हता, हे थोरलीही कबूल करायची. मायाळू होता. तिला 'बाळ' म्हणायचा. ती वळायची, ओ द्यायची, ताट वाढायची.

पण रोज सकाळी कामाला जायच्या आधी ती तो प्लग फुंकर मारून लाइनच्या तोंडात बसवायची. दिवा लागायचा नाही. लाइनच्या पलीकडच्या घरी पलंगावर एक माणूस पडलाय, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि शेजारी बसलेली बाई त्याच्याशी बोलतेय, वाट बघतेय, की आता बोलेल, मग बोलेल. त्याचा श्वास तिला वाचता येत असेल का? शिकेल का ती? हे मनात आलं की थोरलीच्या हातातली काच निसटायची.

ती रेडिओवाल्या काकांकडं गेली. "अगं, वडील ठणठणीत झालेत म्हणे तुझे," काका म्हणाले. "मग आता कशाला हवाय डबा?" तिनं त्यांची सगळी खोकी उपसली आणि लाइनच्या तोंडाचा दिसेल तो डबा उचलला; एका तोंडाचे, चार तोंडांचे, झाकण निघालेले. संध्याकाळी अण्णांच्या खोलीत फरशीवर मांडून बसली. एक जोडायची, दिव्याकडं बघायची, काढायची, दुसरा जोडायची.

तो माणूस खुर्चीत बसून हे सगळं पाहत होता. शेवटी म्हणाला, "बाळ, बास कर आता. कुणाला फोन करायचाय तुला? मी आहे ना इथं."

थोरलीनं पुढचा डबा उचलला, त्याच्या तोंडातली धूळ फुंकली आणि वायर हातात घेतली.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "मला माझ्या वडिलांना फोन लावायचाय."